एआय, रोबोट आणि पर्यावरण: नागपुरातून हिशोब मांडू या

कोराडीरोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

एआय पर्यावरणाला तारणार की बुडवणार, यावर हल्ली रोज काहीतरी वाचायला मिळतं. बहुतेक लिखाण अमेरिकेतल्या नाहीतर आयर्लंडमधल्या डेटा सेंटरबद्दल, म्हणजे हजारो संगणक ठेवलेल्या केंद्रांबद्दल असतं, आणि वाचून आपण पुढे जातो. माझं म्हणणं असं की या विषयावर बोलायचा नागपूरकरांचा हक्क मोठा आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय इथे, वीज तयार होते कोराडी-खापरखेड्याला, पेंचचं जंगल दारात, आणि कापूस संशोधन, लिंबूवर्गीय फळं, मृदा सर्वेक्षण, पर्यावरण संशोधन करणारी नीरी या राष्ट्रीय संस्थाही याच शहरात. एआयचा फायदा ज्या शेता-जंगलाला होणार ते आपलं, आणि त्यासाठी कोळसा जळणार तोही आपल्याच उशाशी.

आधी मोठं चित्र. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अहवालाप्रमाणे २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या विजेच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्ज युनिटांवर जाईल असा त्यांचा अंदाज आहे. या वाढीचं मोठं कारण एआय.

दुसऱ्या बाजूला गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या जेमिनी या एआयला विचारलेल्या एका सर्वसाधारण लिखित प्रश्नाला ०.२४ वॅट-तास वीज आणि ०.२६ मिलिलिटर पाणी लागतं. म्हणजे एका युनिटमध्ये चार हजारांवर प्रश्न. हे वाचून वाटतं, मग एवढी ओरड कशाची? पण यात व्हिडिओ आणि चित्रं बनवण्याचा खर्च नाही, मॉडेल शिकवण्याचा नाही, आणि वीज तयार करताना जे पाणी लागतं तेही नाही. त्याच गूगलचं एकूण कार्बन उत्सर्जन २०१९ ते २०२३ या काळात ४८ टक्क्यांनी वाढलं, हे त्यांच्याच अहवालात आहे. एकेक प्रश्न स्वस्त होत गेला आणि एकूण बिल फुगत गेलं.

मला स्वतःला वाटतं की 'एआय' या एका नावाखाली आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक, ठरावीक कामासाठी केलेलं छोटं यंत्र: अळी ओळखणारं, धूर ओळखणारं. दुसरं, चोवीस तास धडधडणारं अवाढव्य केंद्र, ज्यातून काय निघतं आणि त्यातलं किती गरजेचं आहे याचा हिशोब कोणी मागत नाही. पहिल्याचं पुण्य दुसऱ्याच्या खात्यावर जमा होऊ नये, एवढ्यासाठी हा धागा. ज्यांना शेत, जंगल, वीज यांतलं आतून ठाऊक आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पऱ्हाटी

भाऊ, चांगला विषय घेतला. मी कळमेश्वरकडचा, कापूस अन् तूर. कापसाचं सांगतो, कारण हे मी हाताने करून पाह्यलेलं आहे.

गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की भोक बुजते. मग वरून कितीबी फवारा, तिले काही फरक पडत नाही. तिले पकडायचं असंन तर पतंग अन् अंड्याच्या टायमालेच. त्याच्यासाठी कामगंध सापळे लावतेत, एकरी दोन. नर पतंग वासावर येते अन् अडकते. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग सापडले तर फवारणीची वेळ झाली समजा. डोमकळ्या, म्हंजे अळीमुळे न उमललेली फुलं, दिसाले लागल्या की अजून सावध.

आता खरी गोष्ट सांगतो. सापळा लावतेत पुष्कळ, मोजते कोन? पिशवी उघडली की पतंग तुटलेले, एकमेकाले चिकटलेले, त्यातच दुसरेही किडे असते. कोनता आपला अन् कोनता बाहेरचा, समजत नाही. मग शेजाऱ्यानं फवारलं म्हणून आपनबी फवारतो. वाधवानी एआय नावाच्या संस्थेचं कॉटनएस नावाचं ॲप आहे, त्याच्यात सापळ्यातले पतंग पांढऱ्या कागदावर झटकायचे अन् फोटो काढायचा. ते गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजून सांगते, फवारायचं का थांबायचं. अन् मुख्य म्हंजे, वावरात रेंज नसली तरी चालते, मोबाईलच्या आतच सगळं बसवलेलं आहे. आपल्या वर्धा रोडवरच्या कापूस संशोधन संस्थेनं तर सापळ्यातच कॅमेरा बसवून पाह्यला आहे, म्हंजे मोजाले वावरात जायचंही काम नाही.

एक फवारणी वाचली म्हंजे काय, हे यवतमाळले विचारा. २०१७ च्या हंगामात फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. माह्यासाठी पर्यावरण इथूनच सुरू होते, फवारणाऱ्या मानसाच्या छातीपासून.

मोहफूल

पऱ्हाटी दादा, शेवटचं वाक्य अगदी खरं. यात ड्रोनचाही विचार करायला हवा ना? पाठीवर पंप घेऊन उंच पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या पिकात, शिरणारा माणूस विषाच्या ढगातच चालत असतो. ड्रोन चालवणारी बाई बांधावर उभी राहते. नमो ड्रोन दीदी योजनेत देशभरात १५ हजार बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलं आहे.

पऱ्हाटी

बरोबर आहे ताई, मानूस वाचते. पन एक ध्यानात ठेवा. पाठीवरच्या पंपाले एकरी दीडशे-दोनशे लिटर पानी लागते, ड्रोनची टाकी दहा लिटरची अन् त्याच्यात एक एकर होते. औषध तेवढंच, पानी कमी, म्हंजे फवारा लय तेज. वारा असला तर तो उडून बाजूच्या विहिरीवर, मधमाश्यावर, चाऱ्यावर जाते. सकाळी वारा पडलेला असतानाच उडवा, हे सांगाले मानूसच लागते. घाईत कोन ऐकते?

मोहफूल

आता जंगलाबद्दल. मी वनखात्यात नाही. वणव्याच्या हंगामात स्वयंसेवक म्हणून जाते, त्यामुळे जे लिहितेय ते त्या बाजूने.

पेंचमध्ये २०२४ साली वणवा ओळखणारी एआय यंत्रणा आली. उंच टॉवरवरचा कॅमेरा चारी दिशांना फिरतो आणि धुराची रेघ दिसली की सूचना पाठवतो. याआधी भिस्त होती उपग्रहावर आणि टॉवरवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर. उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच वरून जातो. तो पुढच्या फेरीला आग दाखवेपर्यंत एप्रिलच्या वाऱ्यात ती दोन नाले ओलांडून गेलेली असते. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत ठिकाण कळलं तर चार माणसं विझवतात. दोन तासांनी कळलं तर चाळीस माणसं लागतात, आणि तरी ती पुढेच पळते.

पण विझवायला माणूसच जातो. हंगामी फायर वॉचर, पाठीवर ब्लोअर, पायात जे असेल ते. जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी, फेब्रुवारीतच साफ झालेली नसेल तर कॅमेऱ्याने कितीही लवकर सांगितलं तरी उपयोग नाही. आणि आपल्याकडचे बरेच वणवे लागतात ते मोहाच्या झाडाखालचा पाचोळा जाळल्यामुळे. मार्च-एप्रिलमध्ये फुलं वेचायची असतात, खाली पाला असला तर ती दिसत नाहीत. लोकांना झाडाखाली बांधायला जाळी दिली की फुलं स्वच्छ मिळतात आणि काडी लावायची गरजच राहत नाही. साध्या जाळीचं हे काम कॅमेऱ्याच्या बरोबरीचं आहे, आणि त्याला वीज लागत नाही.

तरीही या तंत्राची बाजू मी मनापासून घेईन, त्याचं कारण वाघ. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यात जवळपास साडेतीन कोटी फोटो निघाले आणि त्यातले वाघाचे होते ७६,६५१. बाकी हरणं, गुरं, माणसं, वाऱ्याने हललेलं गवत. एवढे फोटो डोळ्यांनी चाळायचे म्हटलं तर पुढची गणना उजाडली असती. प्राणी वेगळे करायला एक सॉफ्टवेअर आणि पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखायला दुसरं, म्हणून ते जमलं. ताडोबाच्या बफरमधल्या सीतारामपेठला तर गावाच्या कडेला कॅमेऱ्यांची आभासी भिंत केली आहे. वाघ दिसला की गावात सूचना जाते. पहाटे अंधारात बाहेर पडणाऱ्या बाईसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

एक इशारा मात्र देते. कॉर्बेटमध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०२४ मध्ये आला. प्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांत सरपणाला गेलेल्या बायका टिपल्या गेल्या आणि ते फोटो नको तिथे फिरले. मग बायका कॅमेरे टाळून अनोळखी जंगलात शिरू लागल्या आणि आवाज करणं, गाणं कमी झालं. एरवी त्याच आवाजाने जनावर आधीच बाजूला होतं. संरक्षणासाठी लावलेलं यंत्रच धोका वाढवून बसलं. आपल्याकडे तेंदू आणि मोहाच्या दिवसांत असे कॅमेरे कुठे आहेत आणि त्यातले माणसांचे फोटो कधी पुसले जातात, हे ग्रामसभेला सांगितलं गेलंच पाहिजे.

मिहानकर

छान माहिती, मोहफूल ताई. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे दुसरी बाजू थोडी मांडतो. एआयने वीज वाचतेसुद्धा. गूगलच्याच डीपमाइंड या एआय कंपनीने २०१६ मध्ये गूगलच्या डेटा सेंटरमधल्या शीतकरणाची वीज ४० टक्क्यांपर्यंत कमी करून दाखवली. हवामान अंदाजाचंही तेच. जो अंदाज काढायला महासंगणक तासन् तास चालायचा, तो शिकवून तयार केलेलं मॉडेल काही मिनिटांत देतं. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने असे एआयवर आधारलेले मान्सूनचे अंदाज १३ राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना मोबाईलवर पाठवले. त्या वर्षी मान्सून मेच्या शेवटी लवकर येऊन मध्येच अडखळला होता, आठवत असेल. तो खंडही त्या अंदाजात आला होता. एक दुबार पेरणी टळली तर बियाणं, खत, डिझेल, सगळंच वाचतं. त्यामुळे 'मोठं केंद्र म्हणजे वाईट' असं सरसकट म्हणू नये. हे मॉडेलसुद्धा कुठल्या तरी मोठ्या केंद्रातच शिकवलेलं असतं.

कोराडीरोड

मान्य. शिकवण्याचा खर्च एकदाच होतो आणि त्याचा लाभ कोटभर लोकांना मिळतो, तर तो खर्च करावाच. माझा आक्षेप आहे तो न मागता प्रत्येक ॲपमध्ये, प्रत्येक शोधात एआयचं उत्तर घुसवण्यावर. शेतकऱ्याला पावसाचा अंदाज आणि कुणाला तरी वाढदिवसाचा नकली व्हिडिओ, दोन्ही एकाच विजेवर चालतात. लोकांपुढे मात्र पहिल्याचंच उदाहरण ठेवलं जातं.

निवृत्त_अभियंता

माझी नोकरी औष्णिक वीजनिर्मितीत गेली. इथे सगळे अब्ज युनिट आणि टक्क्यांत बोलतात, मी जरा चुलीजवळचा हिशोब देतो.

आपल्या कोळशात राख ३५ ते ४० टक्के. एक युनिट वीज करायला ढोबळमानाने ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे युनिटमागे पाव किलोच्या आसपास राख आणि किलोच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड. पाण्यासाठी २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेत जुन्या केंद्रांना मर्यादा घातली ती एका मेगावॅट-तासाला ३.५ घनमीटर, म्हणजे युनिटला साडेतीन लिटर.

आता समजा १० मेगावॅटचं डेटा सेंटर पूर्ण भाराने चालतंय. आजच्या मानाने हे लहानच म्हणायचं. दिवसाला २ लाख ४० हजार युनिट. ती सगळी वीज कोळशाची धरली तर रोज दीडशे टनांवर कोळसा, पन्नास-साठ टन राख आणि आठ लाख चाळीस हजार लिटरपर्यंत पाणी. हे पाणी वीज केंद्रात लागणारं झालं, डेटा सेंटरच्या आवारातलं वेगळं. कंपन्या 'आम्ही इतकंच पाणी वापरतो' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा आवारातलंच सांगतात.

राख कुठे जाते? ती चिखल करून पाइपने तळ्यात सोडतात. कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा जुलै २०२२ च्या पावसात फुटला आणि राखेचा गाळ नाल्यातून, शेतांतून पसरला, हे नागपुरात सगळ्यांना ठाऊक आहे. २०२१ च्या डिसेंबरमधल्या अधिसूचनेने राखेचा शंभर टक्के वापर बंधनकारक केला आहे, विटांत, सिमेंटमध्ये, रस्त्यांत. विजेची मागणी जितक्या वेगाने वाढेल तितकी ही राख उचलणं अवघड होईल.

'आम्ही सौरऊर्जा विकत घेतो' हा दावाही नीट तपासायला हवा. वर्षभराची बेरीज जुळवून दाखवता येते. पण सूर्य सहाला मावळतो आणि संगणक रात्रभर चालतात. रात्री दोन वाजता ग्रिडमध्ये जी वीज असते ती प्रामुख्याने बॉयलरमधून आलेली असते. म्हणून विचारायचं ते तासागणिक: रात्री तुमची वीज कुठली? बॅटरी साठवण किती?

मिहानकर

काका, हा तासागणिक हिशोबाचा मुद्दा फार कमी लोक मांडतात. धन्यवाद. आवारातल्या पाण्याबद्दल मी भर घालतो. डेटा सेंटर थंड ठेवायच्या मुख्य पद्धती दोन. एक एसीसारखी: वीज जास्त, पाणी कमी. दुसरी बाष्पीभवनाची, थेट आपल्या घरच्या कूलरसारखी: ओल्या पॅडमधून कोरडी हवा ओढायची, पाणी उडून जातं आणि हवा गार होते. नागपूरचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे आपला कूलर मुंबईपेक्षा किती छान चालतो ते आपण जाणतोच. म्हणजे इथे डेटा सेंटर काढणाऱ्यालाही दुसरीच पद्धत स्वस्त पडणार, आणि सगळ्यात जास्त पाणी लागणार ते एप्रिल-मे महिन्यांत.

कोराडीरोड

आणि एप्रिल-मे म्हणजे शहराला पाणी देणाऱ्या तोतलाडोह धरणाची पातळी खाली जाण्याचेच दिवस. जुलै २०१९ मध्ये शहराला एक दिवसाआड पाणी घ्यावं लागलं होतं. वर मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यापासून पेंचमध्ये येणारं पाणी आधीच घटलं आहे.

पण यावर नागपूरकडे स्वतःचं चांगलं उदाहरण आहे. भांडेवाडीच्या १३० एमएलडी (रोज १३ कोटी लिटर) केंद्रात शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. तेवढं पेंचचं पाणी वाचतं. उद्या मिहान किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक पट्ट्यात कुणी डेटा सेंटर काढायचं म्हणालं तर पहिली अट हीच असावी की पिण्याच्या पाण्याचा थेंब मिळणार नाही, प्रक्रिया केलेलं सांडपाणी घ्या.

पऱ्हाटी

पान्याचं निघालं तर एक सांगतो. माह्या साळ्याचा संत्र्याचा बगीचा आहे, वरुडकडे. ठिबक, त्याच्यावर जमिनीतला ओलावा सांगनारं सेन्सर, मोबाईलवर मेसेज, सगळं केलं. झाडाले पानी कमी लागलं, फळगळही कमी झाली, खोटं कायले सांगू. पन वाचलेल्या पान्यावर त्यानं अजून झाडं लावली. बाजूच्यानंबी तसंच केलं. तो सगळा पट्टा डार्क झोनचा, म्हंजे जमिनीतलं पानी हद्दीबाहेर उपसलेला, बोअर अजून खालीच चालले. यंत्रानं पानी वाचवलं, अन् ते जमिनीत नाही राह्यलं. गावानं मिळून ठरवल्याशिवाय हे थांबत नाही.

कोराडीरोड

पऱ्हाटी भाऊ, विजेचं नेमकं हेच होतंय. प्रश्नाची किंमत उतरली आणि प्रश्न अफाट वाढले.

पूर्व_नागपूरकर

रोबोटबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून लिहिते. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि तरी देशात माणसं मरतात. केरळमध्ये बनलेला बँडिकूट रोबोट मॅनहोलमध्ये उतरतो, गाळ उचलतो, वायू मोजतो. सोलर प्लेटा कोरड्या ब्रशने पुसणारे रोबोट राजस्थानात चालतात, पाण्याशिवाय. अशा कामांसाठी रोबोट यायलाच हवेत, त्यात दुमत नसावं.

पण तो मोडल्यावर काय? २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला. ड्रोनची लिथियम बॅटरी काही हंगामांत फुगते. एआयचे सर्व्हर चार-सहा वर्षांत जुने म्हणून काढतात, बिघडले म्हणून नव्हे, नवे वेगवान आले म्हणून. ई-कचरा आणि बॅटरीचे २०२२ चे नियम उत्पादकावर जबाबदारी टाकतात. प्रत्यक्षात माल भंगारवाल्याकडेच येतो. तांब्यासाठी वायर जाळली जाते, तेव्हा धूर आमच्या बाजूच्या वस्त्यांवर येतो. बचत गटाला ड्रोन देताना जुनी बॅटरी परत करायची सोय तालुक्यालाच हवी, आणि दुरुस्ती शिकलेली दोन पोरं तिथे हवीत.

मिहानकर

एक व्यावहारिक प्रश्न. समजा असं केंद्र आलंच, तर लोकांना बोलायची जागा कुठे असते? जनसुनावणी होते का?

निवृत्त_अभियंता

औष्णिक केंद्राला होते. डेटा सेंटर मात्र २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत स्वतंत्र प्रकार म्हणून नाही. बांधकाम २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, पण ती इमारत म्हणून. आणि त्या वर्गाला जनसुनावणी लागत नाही. म्हणजे शेकडो मेगावॅट ओढणारी वास्तू कागदावर एखाद्या मॉलच्या रांगेत बसते. सुनावणी नसली तरी अर्ज आणि मंजुरीची कागदपत्रं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर पाहता येतात, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, पाण्याचं आरक्षण, वीज जोडणीचा मंजूर भार हे माहिती अधिकारात मागता येतं.

कोराडीरोड

काका, मग आपण प्रश्नांचा एक मसुदा तयार ठेवू. माझ्याकडून हे: मंजूर भार किती आणि रात्रीची वीज कुठली; शीतकरणाची पद्धत कोणती आणि मे महिन्यात रोजचं पाणी किती, कुठून; काढून टाकलेले सर्व्हर कोणाला देणार; आणि यातली माहिती दर वर्षी जाहीर करणार का. जंगल आणि शेतासाठी जे छोटे प्रकल्प येतात त्यांना हे सगळं लावायची गरज नाही. तिथे मोहफूल ताईंचा फोटो पुसण्याचा आणि पूर्व नागपूरकर ताईंचा बॅटरी परत करण्याचा, एवढे दोन प्रश्न पुरेत.

निवृत्त_अभियंता

एक जोडा. वीज गेली तर म्हणून अशा केंद्रांत डिझेल जनरेटर रांगेने उभे असतात आणि चाचणीसाठी ते अधूनमधून चालवतातच. संख्या, क्षमता, चाचणीचे तास आणि धुराड्याची उंची विचारा. वस्ती किती अंतरावर आहे तेही.

कोराडीरोड

जोडलं. रविवारपर्यंत पहिला मसुदा याच धाग्यात टाकतो, दुरुस्त्या सुचवा.